प्रयागमावशींचा खोडवा

शाळेच्या मागच्या वाफ्यातलं झाड उपटायला कुणी वाकलं की प्रयागमावशी स्वयंपाकखोलीतून ओरडायच्या, "ए, हात नगं लावू त्याला!" समोर चौथीतला पोरगा आहे की हेडसर आहेत, हे त्या बघायच्या नाहीत. मी त्या शाळेवर रुजू झाले त्याच आठवड्यात हेडसरांनी हा ओरडा खाल्लेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं. पहिल्या चार दिवसांत त्यांनी माझ्याकडून तीन रजिस्टरं आखून घेतली होती.

धारूरच्या डोंगरात, डांबरी रस्ता संपतो तिथून थोडं पुढे, आमची जिल्हा परिषदेची शाळा. दोन खोल्या, चौथीपर्यंतचे वर्ग, एक हापसा आणि पत्र्याची स्वयंपाकखोली. मोठी माणसं तीनच: हेडसर, मी आणि पोरांची खिचडी शिजवणाऱ्या प्रयागमावशी. स्वयंपाकखोलीच्या मागे परसबाग होती. परसबाग हा आमच्या कागदांतला शब्द. मावशी सरळ 'माझं शेत' म्हणायच्या. पाच वाफे, त्यांत वांगी, भेंडी, मिरची, कोथिंबीर आणि थंडीच्या दिवसांत कोबी.

तर तो मार्चचा शेवट होता. वांग्याची झाडं राठ झाली होती, पानं किडली होती, फळ धरायचं थांबलं होतं. हेडसरांनी पोरांना सांगितलं, उपटून टाका, वाफा कसा स्वच्छ दिसला पाहिजे. मावशी हातातला झारा तसाच घेऊन बाहेर आल्या.

"सर, ते मेलेलं न्हाई. दमलंय."

"अहो मावशी, याला आता काय लागणार आहे?"

"मूळ जितं हाय. तेवढं पुरं हाय."

एवढं बोलून त्या आत गेल्या आणि कोयता घेऊन आल्या. ऊस तोडायचा, रुंद पात्याचा. प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी त्यांनी जमिनीपासून हाताची वीत लावली आणि वीत संपली तिथे तिरका घाव घातला. एका झाडाला एकच घाव. अर्ध्या तासात वाफ्यात नुसते खुंट उरले. मग चुलीतली राख आणि शेळीच्या लेंड्या बुडाशी पसरून त्यांनी भांडी धुतलेलं पाणी त्यावर ओतलं आणि काही झालंच नाही अशा त्या खिचडीकडे परत गेल्या.

"छान," हेडसर मला म्हणाले, "आता तपासणीला आलेल्या साहेबांना खुंट दाखवू."

उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेला कुलूप होतं, पण मावशी रोज संध्याकाळी येऊन एकेका खुंटाला तांब्याभर पाणी घालत होत्या, हे मला नंतर कळलं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा प्रत्येक खुंटाला गुडघ्याएवढे फुटवे होते. पोळ्याच्या सुमाराला त्यांना वांगी लागली, जरा लहान पण भरपूर. पोरांच्या पानात पुन्हा वांग्याची भाजी आली. "ह्यो खोडवा," मावशी मला म्हणाल्या. ऊस तोडल्यावर त्याच्याच बुडातून जो दुसऱ्यांदा ऊस येतो त्याला खोडवा म्हणतात, हे बीडमध्ये जन्मलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. भाजीपाल्याचाही खोडवा घेता येतो हे मात्र मी, मास्तरकी करून इतकी वर्षं झाली तरी, तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मावशी भेंडीचा खोडवा घ्यायच्या, मिरचीचा घ्यायच्या. मेथी कधी मुळासकट काढायच्या नाहीत, वरच्यावर खुडायच्या. कोबीचा गड्डा कापला की खाली उरलेल्या दांड्यावर कोयत्याच्या टोकाने फुलीसारखी चीर द्यायच्या आणि महिन्या-दीड महिन्याने त्या दांड्यावर लिंबाएवढे चार कोबी यायचे. पोरं त्यांना 'कोबीची पिल्लं' म्हणायची आणि कुणाच्या वाटणीला कुठलं पिल्लू यावरून भांडायची. बाजारात जाऊन पिशवीभर भाजी आणणारी मी, मला या सगळ्याची आधी गंमत वाटायची आणि नंतर नाद लागला.

त्यांचं मोजमाप सगळं वितीत. भाताच्या वर पाणी किती, तर दोन बोटं. कापड किती, तर अमुक विती. एखादं पोर सुट्टीवरून उंच होऊन आलं की भिंतीला उभं करून वीत लावायच्या आणि "बोटभर वाढलंय, खायला कमी पडतंय ह्याला" असं म्हणून त्याला खिचडीचा एक झारा जास्त वाढायच्या. सकाळी मिसरी लावल्याशिवाय चूल पेटवायच्या नाहीत. मिसरीचं बोट दातावर असताना त्यांना कुणी प्रश्न विचारला तर उत्तर मिळायचं नाही, मग ते केंद्रप्रमुख का असेनात. तोंड धुऊन झालं की उत्तर यायचं, तोवर विचारणारा निघून गेलेला असायचा.

मला त्या कधीकधी चिडवायच्याही. "म्याडम, तुमी पोरांना फळ्यावर झाड काढून दावता. मूळ काढता, खोड काढता, पान काढता. मग पोरं हिकडं येऊन तेच उपटून बघत्यात, खरं हाय का म्हून." मी हसायचे. त्यांचं खरं होतं.

एकदा मी विचारलं, ही वीत लावायची युक्ती तुम्हांला कुणी शिकवली. त्या वाफ्याच्या कडेला बसल्या होत्या. म्हणाल्या, "कुणी न्हाई. पयल्या साली समदी झाडं मीच मारली."

"ती कशी?"

"हात बसलेला ना. कळायला लागल्यापासनं ऊस तोडला. उसाला भुईसपाट कापावं लागतं, जरा वर ठिवला की मुकादम आयबापावर जातो. खोडवा बिगडतो म्हणं. मी वांगीबी तशीच कापली, भुईसरशी. लई नीट कापली. आन् मग महिनाभर पाणी घालत बसले. येकबी फुटलं न्हाई." त्यांनी एका झाडाच्या खोडावर बोट ठेवलं. "ऊस भुईच्या खालनं फुटतो, म्याडम. वांग्याचा डोळा वरी असतो, खोडावर. डोळाच न्हाई ठिवला तर बिचारं फुटंल कुठनं?"

मेलेल्या खुंटांना महिनाभर पाणी घालणारी ही बाई मग मला वारंवार दिसायला लागली. उसाच्या फडात चांगलं म्हणून जे शिकली, तेच तिने इथं केलं आणि झाडं मेली. तरी ती पाणी घालत राहिली.

दुसऱ्या वर्षी मावशींचा एक सरकारी फॉर्म भरायचा होता. नाव, गाव, वय. मी त्यांना न विचारताच वयाच्या रकान्यात पंचावन्न लिहिलं. चेहरा सुरकुतलेला, कंबर वाकलेली, पाण्याची घागर उचलायची तर दोन पोरींना हाक मारायच्या, खिचडीचं पातेलं चुलीवरून उतरवायला हेडसर स्वतः यायचे. पंचावन्न म्हणजे मी कमीच धरलं होतं. मग आधार कार्ड पाहिलं आणि हिशेब केला. अडतीस. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मी माझ्यापेक्षा लहान बाईला दीड वर्ष मावशी मावशी करत होते. माझा चेहरा बघून त्याच म्हणाल्या,

"ऱ्हाऊ द्या, म्याडम. मावशीच म्हणा. मला सवय झाली."

"पण असं कसं, मावशी? आजारी होतात का?"

"पिशवी काढली ना. चोविसाव्या वर्सी."

पिशवी म्हणजे गर्भाची पिशवी. आमच्याकडे बायका हा शब्द कुजबुजत नाहीत, दात काढला म्हणावं तितक्या सहज म्हणतात. मी बीडचीच असून मला तो इतक्या जवळून ऐकायला लागला नव्हता, कारण मी शहरात वाढले आणि माझ्या घरातलं कुणी फडावर गेलं नाही.

"फडात त्या चार दिसांत काय हाल असत्यात ते तुमाला न्हाई कळायचं. पाणी न्हाई, आडोसा न्हाई. डोक्यावर मोळी आन् ट्रकला फळी लावलेली, तीवरनं वरी चढायचं. पोटात दुखायलं म्हून दवाखान्यात गेलते. डाक्टर म्हणला, पिशवी सुजली, काढली न्हाई तर क्यान्सर व्हईल. जावंची काढलेली. नणंदंची काढलेली. मला वाटलं, सुटले बाई. सा महिनं खरंच बरं वाटलं." त्यांनी पदराने मान पुसली. "मग घाम सुरू झाला."

तो घाम मी पाहिला होता. पौषातल्या सकाळी, आम्ही स्वेटर घालून उन्हाची वाट बघत उभे असायचो तेव्हा मावशी अचानक चुलीपासून उठून बाहेर यायच्या, डोक्यावरचा पदर काढायच्या आणि स्वयंपाकखोलीच्या गार भिंतीला पाठ लावून उभ्या राहायच्या. कपाळावरून, मानेवरून पाणी वाहायचं. "आतल्या आत चूल पेटती," म्हणायच्या. पाच मिनिटांनी पदर घेऊन पुन्हा कामाला. मला तोवर वाटत होतं, धुराचा त्रास असेल.

ऑपरेशननंतर त्या पुन्हा फडावर गेल्या होत्या, पण वाकल्या की उठता येईना. दोन वर्षांनी नवरा उसाच्या ट्रॅक्टरखाली गेला. मग कुणीतरी शब्द टाकून त्यांना शाळेत लावलं. एकुलता एक मुलगा, दत्ता. तो मोठा झाला तसा कोयता त्याच्या हातात गेला, आणि त्याचं लग्न झालं तशी त्याची बायको वैशाली त्याच्याबरोबर जायला लागली. आमच्याकडे तोडीला माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला कुणी विचारत नाही.

वैशाली वीस वर्षांची, दोन लेकरांची आई. मोठ्याने हसायची, मोबाईलवर गाणं लावून भाकरी थापायची, बाजारात गेली की नखांना लावायचा रंग आणायची आणि फडावर चार दिवसांत तो उडाला की हळहळायची. मावशींचा तिच्यावर इतका जीव की गावातल्या बायका म्हणायच्या, ही सासू आहे की हिची आई. मावशी म्हणायच्या, "मला लेक व्हणारच न्हाई आता. मग हीच माझी लेक."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात वैशालीचं पोट दुखायला लागलं. अंगावरून फार जायचं. लगेच शेजारणींनी तोंड उघडलं: काढून टाक, मोकळी हो. एकीने तर डॉक्टरचं नावही सांगितलं. मावशी त्या बाईशी पुढे बोलल्या नाहीत. त्या माझ्याकडे आल्या, आणि मी त्यांना अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, जंतुसंसर्ग आहे, गोळ्यांनी जाईल, पिशवी ठणठणीत आहे. ठरल्या दिवशी तीन वेळा दाखवायला या, तोपर्यंत वजन उचलायचं नाही. मावशींनी 'पिशवी ठणठणीत हाय' एवढं त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं. मग मला म्हणाल्या, "म्याडम, लिहून मागा. तोंडाचं घरी टिकत न्हाई." तो कागद त्यांनी हळदीच्या डब्यात ठेवला. घरातला तोच डबा दत्ता कधी उघडत नव्हता.

दत्ता वाईट पोरगा नव्हता, हे मला इथेच सांगितलं पाहिजे. ऑगस्टमध्ये एकदा तो शाळेत आला. मावशी भेंडी कापत होत्या. मी व्हरांड्यात वह्या तपासत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"माय, मुकादम इचारतो, बायकूचं काय ठरलं? गेल्या साली दर महिन्याला चार दिस ती पाचटाच्या कोपीत पडून ऱ्हायली. मी येकट्यानं किती तोडू?"

"त्याला सांग, तुझ्या बायकूची काढ आधी."

"समद्यांच्या बायका करत्यात, माय. तूबी केली. मेली का तू?"

मावशींनी कोयता खाली ठेवला. डोक्यावरचा पदर मागे घेतला आणि त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "दत्ता, माझ्याकडं नीट बघ."

तो बघू शकला नाही. पायाने माती उकरत थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. मावशींनी पुन्हा वीत लावून भेंडी कापायला घेतली. मला वाटलं, जिंकल्या. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

गोळ्यांनी वैशालीला खरोखर बरं वाटायला लागलं. दोन वेळा दाखवून झालं. तिसऱ्या वेळची तारीख दिवाळीच्या आधीची होती. तेवढी झाली की डॉक्टरीणबाई कागदावर लिहून देणार होत्या, की हिला ऑपरेशनची गरज नाही. आणि तो कागद मावशी स्वतः नेऊन मुकादमाला दाखवणार होत्या. त्यांचं सगळं त्या एका दिवसावर होतं.

आता माझ्याबद्दल. मला लिहायचं नव्हतं, पण याशिवाय पुढचं कळणार नाही. तालुक्याची परसबागांची स्पर्धा निघाली आणि हेडसरांपेक्षा जास्त मीच पेटले. 'भाजीपाल्याचा खोडवा' असा मोठा तक्ता केला, रंगीत चित्रं काढली, पोरांकडून गाणं बसवून घेतलं. पाहणीची तारीख आली ती नेमकी दवाखान्याच्या दिवसाची. साहेबांना माहिती सांगायची तर मावशीच हव्या होत्या. वितीने कापून दाखवायला दुसरं कोण होतं? मी त्यांना म्हणाले, "मावशी, एका दिवसानं काय होतंय? परवा जाऊ. मी स्वतः येते तुमच्याबरोबर."

त्यांचं मिसरीचं बोट दातावर होतं. त्यांनी तोंड धुतलं, पदराने पुसलं, मग म्हणाल्या, "तुमी येताल?"

"येते म्हटलं ना."

"बरं."

मला त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं, आणि हे मला ठाऊक होतं.

पाहणीच्या दिवशी सकाळी दत्ताने आईला सांगितलं, तू शाळेत जा, दवाखान्यात मीच नेतो तिला. मावशी शाळेत आल्या त्या हसतच. "पोरगं सुधरलं, म्याडम. सोताहून न्हेतो म्हणला. वैशीला सांगितलंय, डब्यातला कागूद घेऊन जा." मलाही हायसं वाटलं. माझं दुसऱ्या दिवशीचं जाणं वाचलं, असाही एक विचार आला, तो खोटं कशाला बोलू.

साहेब लोक दुपारी उशिरा आले. मावशींनी त्यांना खोडव्याची वांगी दाखवली, वीत लावून झाड कापून दाखवलं, डोळा कुठं ठेवायचा ते दाखवलं. एका साहेबांनी विचारलं, "मावशी, हे शिक्षण कुठं घेतलं?" त्या म्हणाल्या, "फडात." सगळे हसले. मग फोटो झाला. मावशींच्या दोन्ही हातांत वांगी, एका बाजूला हेडसर, दुसऱ्या बाजूला मी. आम्हांला पहिला नंबर मिळाला आणि तो फोटो फ्रेम करून हेडसरांच्या खुर्चीमागे लावलाय. मी आजही वर्गात जाताना त्या भिंतीकडे बघत नाही.

चारच्या सुमाराला मावशी घरी गेल्या आणि पाच मिनिटांत परत आल्या. धावत. त्यांना धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. हातात हळदीचा डबा आणि त्यातला पिवळा पडलेला कागद.

"म्याडम, कागूद हितंच हाय."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. अंबाजोगाईला नेलं असतं तर कागद नेला असता. दत्ताचा फोन बंद होता. आम्ही दोघी शाळेच्या पायरीवर बसून तोच नंबर पुन्हा पुन्हा लावत राहिलो. उन्हं कलली तेव्हा त्याने उचलला. मावशींनी फोन कानाला लावला, आणि मला पलीकडचं ऐकू आलं.

"झालं, माय. चांगलं झालं. डाक्टर लई चांगले हायेत."

जिल्ह्याच्या बाहेर नेलं होतं. आपल्याकडे आता पिशवी काढायच्या आधी विचारतात, परवानगी मागतात. तिथं कुणी विचारत नाही. मावशींनी फोन माझ्या हातात दिला. डब्याचं झाकण लावायचा प्रयत्न करत होत्या आणि ते बसत नव्हतं.

आठवड्याने त्या कामावर आल्या. मी त्यांना गाठून म्हणाले, "मावशी, माझी चूक झाली. त्या दिवशी मी तुम्हांला थांबवायला नको होतं."

"तुमी काय केलं, म्याडम? तुमी झाड दावायला सांगितलं."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोसला असता. त्या माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलायच्या, चहा द्यायच्या, पोरांच्या तक्रारी सांगायच्या. फक्त बोलताना माझ्याकडे बघायच्या नाहीत. माझ्या खांद्यापलीकडे, वाफ्याकडे बघायच्या.

दिवाळी झाली, फडावर जाणाऱ्यांच्या ट्रॉल्या भरायला लागल्या. वैशालीचे टाके अजून ओले होते, तिला वाकता येत नव्हतं, आणि कोयता तर पुरा लागत होता. एके दिवशी मावशींनी स्वयंपाकखोलीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. दत्ताबरोबर कोयत्याचा दुसरा अर्धा म्हणून त्या स्वतः निघाल्या होत्या.

"मावशी, तुमच्यानं वाकवत नाही."

"तिच्यानं तर त्याहून न्हाई. मी लागले तर ती दोन महिनं कोपीत पडून तरी ऱ्हाईल." मग म्हणाल्या, "नव्या वाफ्यातली वांगी राठ झाली की कापा. उपटू देऊ नगा कुणाला. वीत लावा. तुमची वीत ल्हान हाय, दोन बोटं जास्त धरा."

कोयता त्या बरोबर घेऊन गेल्या. मी नोव्हेंबरअखेरीला उसना विळा आणून झाडं कापली. वीत आणि वर दोन बोटं. माझे घाव वेडेवाकडे पडले, चार झाडं चिरफळली. राख घातली, पाणी घातलं. पोरं विचारायची, मावशी कधी येणार, आणि मी सांगायचे, फुटवे आले की. फुटवे आले. जानेवारीत वांगीही लागली, लहान, काटेरी, चमकदार. मी पहिली तोडणी पोरांना दिली आणि पिशवीभर वांगी घेऊन रविवारी सकाळीच माजलगावच्या बाजूला, ते उतरले होते तिथे गेले.

रस्त्याकडेला पाचटाच्या कोप्या होत्या, मागे उसाचा फड. कडाक्याची थंडी होती. तोंडातून वाफ निघत होती आणि मी स्वेटरवर शाल घेतली होती. मावशी सरीत वाकलेल्या दिसल्या. साडीवर दत्ताचा जुना शर्ट, डोक्याला फडकं. भुईसपाट कापत होत्या, अगदी मातीला पातं लागेल इतकं खाली. मी हाक मारली तेव्हा त्या सरळ झाल्या, पण एकदम नाही. आधी गुडघ्यावर हात, मग कंबरेवर, मग उभ्या.

आणि त्यांच्या मागे वैशाली मोळ्या बांधत होती.

मी पिशवी पुढे केली. मावशींनी एक वांगं काढलं, देठावर अंगठा दाबून पाहिला.

"डोळा ठिवला व्हता?"

"ठेवला होता."

"वैशे, घे. शाळंतल्या खोडव्याची हायेत."

वैशाली मोळी टाकून आली. तशीच हसत. मी विचारलं, "अगं, तू आत्तापासूनच उचलायला लागलीस?"

"मग काय करू? बसून कटाळा आला. म्याडम, आत्या उगंच भेत व्हत्या. बगा की, कशी झाले मी. आता महिन्याला पडून ऱ्हायचं न्हाई, कुणाचं बोलणं ऐकायचं न्हाई. ह्यांना मीच म्हणलं व्हतं, आत्यांना सांगू नगा, जाऊन येऊ."

मी मावशींकडे पाहिलं. त्यांना हे आधीच माहीत असावं, कारण त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्या वांग्यांतली किडकी बाजूला काढत होत्या.

बोलता बोलता वैशालीने डोक्याचं फडकं सोडलं. त्याच फडक्याने कपाळ पुसलं, मग गळा, मग मान. केस मानेला चिकटले होते. "आन् हे येक नवंच," ती हसून म्हणाली, "दोन दिसांपासनं ह्या थंडीत बी मेला घामच सुटतोय."

मावशींचा हात पिशवीतच थांबला. त्यांनी वैशालीच्या कपाळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. पाहणीच्या दिवसानंतर पहिल्यांदा, सरळ माझ्या डोळ्यांत.

त्यांनी पिशवी खाली ठेवली, शर्टाखालून पदराचं टोक ओढून काढलं आणि सुनेची मान हळूहळू पुसली, कानामागून, गळ्यापर्यंत.

"उन्हात नगं उभी ऱ्हाऊ," त्या तिला म्हणाल्या, "वाईच सावलीला बस जा."

मग कोयता उचलून त्या आपल्या सरीकडे गेल्या. ऊन अजून फडावर आलंच नव्हतं.